हाइव्हवर पहिली ओळख-पोस्ट टाकताय? मग या चुका टाळा

हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारी ब्लॉगिंगची जागा, इथलं लिखाण एका कंपनीकडे नाही तर अनेक कॉम्प्युटरवरच्या सामायिक नोंदवहीत (चेनवर) साठतं आणि पोस्टला व्होट मिळाले की पैसे मिळू शकतात. तिथे अकाउंट उघडलं की बरेच जण "हाय फ्रेंड्स, मी नवीन आहे, प्लीज सपोर्ट करा" एवढं टाकून मोकळे होतात, आणि आठवडाभर कोणी फिरकलं नाही की म्हणतात इथे ओळखीशिवाय काही होत नाही. तसं अजिबात नाहीये. नवीन माणसाच्या पोस्ट मुद्दाम शोधून वाचणारे लोक इथे आहेत, २०१६ मध्ये स्टीमिट नावाची अशीच साइट सुरू झाली तेव्हापासूनची ही पद्धत आहे आणि मार्च २०२० मध्ये कम्युनिटी तिथून वेगळी होऊन हाइव्ह झालं तरी ती टिकली. फक्त त्या लोकांना तुम्ही कोण हे कळायला तर हवं ना!

पण पोस्टच्या आधी कीजचं (म्हणजे अकाउंटच्या किल्ल्या, पासवर्डसारखी लांबलचक अक्षरं) बघा, कारण सगळ्यात महाग चूक तिथेच होते. तुम्हाला एक मास्टर पासवर्ड मिळतो आणि त्यातून ओनर, अ‍ॅक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो अशा चार कीज निघतात. पोस्ट टाकायला, कमेंट आणि व्होट करायला फक्त पोस्टिंग की लागते, तरी लोक सगळीकडे मास्टर पासवर्डच टाकत सुटतात. असं करू नका, ब्राउझरमध्ये कीचेन एक्स्टेन्शन (कीज सांभाळणारं छोटं सॉफ्टवेअर) घ्या आणि त्यात पोस्टिंग की ठेवा. अ‍ॅक्टिव्ह कीने पैसे हलतात, त्यामुळे ती लागेल तेव्हाच वापरायची. अजून एक, पैसे पाठवताना मेमोच्या (म्हणजे सोबतच्या चिठ्ठीच्या) रकान्यात चुकून की पेस्ट झाली तर ती सगळ्या जगाला दिसते. ओनर की, म्हणजे सगळ्यात वरची की, चोराने बदलली तर रिकव्हरी अकाउंटच्या (अशा वेळी मदतीला येणाऱ्या दुसऱ्या अकाउंटच्या) मदतीने ३० दिवसांत अकाउंट परत मिळवता येतं, पण कीज हरवल्या तर "फरगॉट पासवर्ड" असं बटणच नाहीये, कुठलंही कस्टमर केअर ते करून देऊ शकत नाही. म्हणून कागदावर लिहून ठेवा, खरंच.

युजरनेमची घाई पण नडते. ३ ते १६ अक्षरांचं असतं आणि नंतर बदलता येत नाही, तेव्हा जन्मसाल किंवा मोबाईलचे आकडे त्यात घालू नका.

आता पोस्ट. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की लिहिलेलं पुसलं जात नाही. एडिट करता येतं, कोणी व्होट किंवा कमेंट केली नसेल तर डिलीटही करता येतं, पण स्क्रीनवरून गेलं तरी जुनी आवृत्ती चेनवर राहतेच. त्यामुळे घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, फोन नंबर, आधार कार्डाचा फोटो यातलं काहीही टाकायचं नाही. मी खरा माणूस आहे हे दाखवायला कागदावर युजरनेम आणि तारीख लिहून तो हातात धरलेला सेल्फी पुरतो, चेहरा दाखवायचा नसेल तर आपल्या कामाचा फोटो चालतो, म्हणजे तुम्ही वारली चित्रं काढत असाल तर अर्धवट चित्राशेजारी तोच कागद ठेवा.

मजकूर कॉपी करू नका, हे सगळे सांगतात, पण यात एक बारीक गोम आहे. स्वतःच्याच जुन्या प्रोफाईलमधला मजकूर उचलून टाकला तरी चोरीचा संशय येतो, कारण ते प्रोफाईल तुमचंच आहे हे समोरच्याला कसं कळणार? हाइव्हवॉचर्स नावाची टीम हे तपासत असते. आधी जुन्या प्रोफाईलवर आपलं हाइव्हचं युजरनेम लिहा, मग पोस्टमध्ये त्याची लिंक द्या, विषय संपला. एआयकडून लिहून घेतलेली ओळख तर नकोच, तिथले जुने लोक ती पटकन ओळखतात आणि डाउनव्होट (कमाई कमी करणारं उलटं मत) देतात.

मग लिहायचं काय? "मला प्रवास आणि संगीत आवडतं" हे कोणीही लिहील. "मी नगरजवळ कांदा लावतो आणि साठवणीत तो का सडतो यावर लिहिणार आहे" असं लिहिलं तर ब्राझीलचा शेतकरीसुद्धा थांबून वाचतो. मराठीत बिनधास्त लिहा, खाली इंग्रजीत चार ओळी द्या म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्हाला हाइव्हवर कोणी आणलं असेल तर त्याचं नाव घाला आणि इंट्रोड्यूसयुवरसेल्फ हा टॅग विसरू नका.

पोस्ट जातच नसेल तर बहुतेक वेळा रिसोर्स क्रेडिट (पोस्ट, कमेंट, व्होट करताना खर्च होणारे पॉइंट) संपलेले असतात. नवीन अकाउंटला ते कमी असतात, आपोआप भरतात, रिकामे झाले तर पूर्ण भरायला ५ दिवस लागतात, आणि कोणी उधार दिले तर लगेच काम होतं. पैसे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, पेआउट, म्हणजे पैसे जमा होणं, ७ दिवसांनी होतो, पोस्टवर दिसणाऱ्या रकमेतला अर्धा वाटा व्होट देणाऱ्यांचा असतो आणि एकूण रक्कम ०.०२ डॉलरपेक्षा कमी असेल तर काहीच मिळत नाही. माझ्या मते पहिल्या पोस्टवर किती मिळाले हे बघूच नये.

त्यापेक्षा कमेंट्स बघा. लोक वेलकम म्हणतात, एखादा प्रश्न विचारतात आणि नवीन माणूस उत्तरच देत नाही, हे बघून मला फार वाईट वाटतं. प्रत्येकाला उत्तर द्या, नुसतं थँक्यू नको, आणि त्यांच्या पोस्टवर जाऊन नीट वाचून दोन वाक्यं लिहा. "फॉलो करा, मी पण करतो" असं मात्र कोणाच्याही पोस्टखाली टाकू नका, ते स्पॅम धरलं जातं.