बायको-मुलांना दुबईला आणताना: तयारीची यादी

विमानाचं तिकीट या यादीत सगळ्यात शेवटी येतं. सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून करायची, कारण फॅमिली व्हिसा अडतो तो बहुतेक वेळा कागदावर, पगारावर नाही. पगाराची अट सरळ आहे: महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा कंपनीची. २०१९ पासून तुमचा हुद्दा बघत नाहीत, उत्पन्न बघतात. मात्र हा आकडा करारात आणि बँकेत दिसला पाहिजे. ओव्हरटाइमच्या भरवशावर राहू नका.

दाखला विवाह निबंधकाचा हवा. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचं प्रमाणपत्र चालत नाही. ग्रामपंचायतीतून हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला जुना दाखला असेल तर इंग्रजी मजकुराची नवी छापील प्रत काढा आणि ती लॅमिनेट करू नका. पुढचे सगळे शिक्के त्याच कागदाच्या पाठीवर बसायचे असतात. लॅमिनेशन केलेल्या दाखल्याचा काही उपयोग नाही, नवीन काढावाच लागतो.

शिक्क्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी मंत्रालयात राज्य शासनाचं ॲटेस्टेशन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं (ते नेमलेल्या एजन्सीमार्फतच होतं, स्वतः जाऊन नाही), त्यावर यूएईच्या वकिलातीचं, आणि दुबईत पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचं, म्हणजे मोफाचं. मोफाची फी दर कागदामागे १५० दिरहम. शेवटी न्याय खात्याची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. इथे नेहमीची फसगत म्हणजे एजंट ‘अपॉस्टिल’ (आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) करून देतो. ओमान, बहरीन अपॉस्टिल मानतात. यूएई त्या करारात नाही. मग पैसे जातात आणि फेरी पहिल्यापासून. एजंटला काम देतानाच ‘यूएई एम्बसी ॲटेस्टेशन’ असं लेखी घ्या आणि या सगळ्याला निदान महिनाभर धरा.

त्याच फेरीत मुलांचे जन्मदाखले आणि बायकोची पदवीही पाठवा. तिचा आत्ता नोकरीचा विचार नसला तरी. नवऱ्याच्या व्हिसावर राहून तिला नोकरी करता येते, वर्क परमिट तिची कंपनी काढते. पण बऱ्याच नोकऱ्यांना ॲटेस्ट केलेली पदवी लागते आणि ती नंतर दुबईत बसून करून घेणं म्हणजे कुरियर, मुखत्यारपत्र आणि नातेवाइकांच्या विनवण्या. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे ना तेही बघा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यात तो रकाना कोराच असतो. नाव घालून नवी प्रत घ्या.

आता नावं. पासपोर्टवर विठ्ठल, लग्नाच्या दाखल्यावर विठ्ठलराव, मुलाच्या जन्मदाखल्यावर पुन्हा विठ्ठल, असा प्रकार आपल्याकडे घरोघर असतो. घरात कुणाला खटकत नाही, दुबईत व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाला खटकतं. सगळे कागद एका टेबलावर मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा, आणि चूक सापडली तर ॲटेस्टेशनच्या आधी दुरुस्त करा. शिक्के बसल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळे शिक्के पुन्हा. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असला तर बिघडत नाही, सासरचं आडनाव लावायची सक्ती नाही. जोडीदाराच्या रकान्यात तुमचं नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच हवं. मुलांच्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक पाहिजे. वर्षाच्या आत संपत असेल तर आधीच नवा काढलेला बरा.

दुबईत घर तुमच्या नावावर आणि एजारीत (भाडेकराराच्या सरकारी नोंदणीत) नोंदवलेलं लागतं. बेड-स्पेसवर, म्हणजे खोलीतल्या भाड्याच्या एका खाटेवर, कुटुंब येत नाही. भाडं पुढच्या तारखांच्या चेकने जातं, चेक जितके कमी तितकी घासाघीस सोपी. वर्षाच्या भाड्याच्या साधारण ५ टक्के अनामत (फर्निचरसकट असेल तर १०), तेवढंच दलालाचं कमिशन, आणि वीज-पाण्यासाठी ‘देवा’ या दुबईच्या वीज-पाणी खात्याकडे फ्लॅटला २,००० दिरहम डिपॉझिट. शिवाय भाड्याच्या ५ टक्के गृहनिर्माण शुल्क दर महिन्याच्या वीजबिलात वाटून येतं, हे घर बघताना कुणी सांगत नाही.

व्हिसाचा अर्ज आमेर सेंटरमधून (दुबईतलं व्हिसाच्या कामांचं अधिकृत केंद्र) होतो. एंट्री परमिट हाती आल्यापासून ६० दिवसांत बायको-मुलांनी देशात यायचं. आल्यावर १८ वर्षांवरच्यांची रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे. बायको गरोदर असेल तर आधी सांगा, एक्स-रे टाळतात. एमिरेट्स आयडीसाठी (यूएईचं ओळखपत्र) बोटांचे ठसे १५ वर्षांपासून पुढे. व्हिजिट व्हिसावर आणून इथेच बदलून घेणं शक्य आहे, पण कागद अपुरे असताना तो मार्ग धरला की मुदत संपते आणि माणशी, दिवसाला ५० दिरहम दंड सुरू होतो. चौघांच्या घरात तीन माणसांचे आठवड्यात हजार पार. आरोग्य विमा तुम्हीच काढायचा. दुबईत कंपनीवर बंधन फक्त तुमचा काढण्याचं आहे.

शाळा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात आणि वयाची तारीख ३१ मार्च धरतात: केजी १ ला चार वर्षं, पहिलीला सहा पूर्ण. चांगल्या शाळांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात, म्हणून अर्ज व्हिसाची वाट न बघता करा. दुसरीपासून पुढे शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि त्यालाही ॲटेस्टेशनची साखळी आहे. शाळेकडून तो इंग्रजीत, इयत्तेच्या स्पष्ट उल्लेखासह मागा. लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत, हँडबॅगेत.

बॅगा भरताना खसखस काढून ठेवा. यूएईत तिच्यावर बंदी आहे, आणि आजीने दिलेल्या अनारशांवर किंवा घरच्या मसाल्यातही ती असते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या काही गोळ्या यांना डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही, यूएई सरकारची आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते.

बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी बायको-मुलं गावी गेली तर १८० दिवसांच्या आत परत यायला हवीत, नाहीतर रहिवास रद्द होतो. नोकरी बदलताना तुमचा व्हिसा रद्द करण्याआधी त्यांचे व्हिसा होल्डवर टाकून घ्या, हे नव्या कंपनीच्या पीआरओला (व्हिसाची सरकारी कामं बघणारा माणूस) पहिल्याच दिवशी सांगा.