टॉपरचं वेळापत्रक आणि वावरातली दिवाळी: गावातून शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की विदर्भातल्या खेड्यात अभ्यासालाही सुट्टी लागते. सोयाबीनची गंजी वावरात, पऱ्हाटीला पहिला कापूस फुटलेला, आणि मजूर मिळत नाही. मिळाला तरी परवडत नाही. घरातली बारावीची पोरगी कमरेला फडकं बांधून वेचायला जाते. नेमक्या याच सुट्टीसाठी तिनं कुण्या कोटा-लातूरच्या टॉपरचं चौदा तासांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. तिसऱ्या दिवशी ते मोडतं आणि ‘माझ्यानं काही होत नाही’ हे सुरू होतं. विद्यार्थ्यांचा म्हणून जो ताण माझ्या पाहण्यात येतो, त्यातला बराचसा इथून येतो.

चूक पहिली: दुसऱ्याच्या दिवसाचं वेळापत्रक

हॉस्टेलवरच्या पोराला फाट्यावर गाडीची वाट पाहावी लागत नाही, ढोरं बांधावी लागत नाहीत. त्याचं वेळापत्रक तुमच्या घरी चालणारच नाही. म्हणून नवं वेळापत्रक करण्याआधी आठवडाभर काहीही न बदलता दिवस नुसता लिहून काढा. वहीचं मागचं पान पुरतं. ते साधारण असं दिसेल: पहाटे साडेपाच ते सात मोकळे. मग आंघोळ, डबा, फाट्यापर्यंत पायी. गाडीची वेळ आठची, येते साडेआठला. (अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण पास आहे म्हणून गाडी वेळेवर येते असं नाही.) कॉलेज सुटतं एकला, परतीची गाडी दोनला. घरी पोचून जेवेस्तोवर चार. सांजीला पाणी, ढोरं, भाकरी. रात्री आठ ते दहा पुन्हा मोकळे.

हाती आले साडेतीन तास, आणि दीड तास स्टँडवरचा. यात लाजण्यासारखं काही नाही, पण हे साडेतीन तास नीट वाटले पाहिजेत. सगळ्यात जड विषय पहाटे. रात्री डोळे पेंगतात तेव्हा लिहायची कामं: गणितं, आकृत्या, जर्नल. स्टँडवर नवा धडा उघडू नका, तिथं लक्ष लागत नाही; सूत्रं, व्याख्या, वस्तुनिष्ठ प्रश्न तिथं होतात.

सुगीसाठी वेगळंच वेळापत्रक ठेवा, त्यात रोजचा एकच तास आणि तोही फक्त उजळणीचा. तो तास पाळता येतो, म्हणून मनही खचत नाही.

आणखी एक, धड्याला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे 34 दिवस धरले होते. लागले 55 हून जास्त. तेव्हा धड्याला दोन तास वाटले तर तीन धरून चला.

‘नव्वद टक्के पाडायचे’ हे ध्येय समजणं

टक्के देणं पेपर तपासणाऱ्याच्या हाती. सकाळी उठून ‘नव्वद टक्के’ हे काम करता येत नाही. ‘रोटेशनल डायनॅमिक्सची दहा गणितं, पुस्तक मिटून’ हे करता येतं आणि झालं की नाही हे रात्री कळतंही. टक्क्यांचा आकडा हवा तर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहा. समोर मात्र आजचं काम असू द्या.

चार फॉर्म, चार पुस्तकं

पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक आणि जमलं तर एमपीएससी, असे सगळे फॉर्म भरणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. फॉर्म भरायला हरकत नाही, पण सकाळ कुणाची हे ठरवा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मुलांच्या मैदानीत 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. रोज सकाळी तीन तास मैदानावर घालवून लेखीचं पुस्तक न उघडणाऱ्यानं हे गुण एकदा कागदावर मांडून पाहावेत.

बारावीवाल्यांचंही तसंच. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, सीईटीत काही कापत नाहीत. एकीकडे येत नसलेला प्रश्न सोडायचा, दुसरीकडे एकही रिकामा ठेवायचा नाही. दोन्हींचा सराव एकाच सवयीनं केला तर एका ठिकाणी फटका बसतोच.

वाचलं म्हणजे आलं

ही चूक हुशार पोरांची. धडा तीनदा वाचला, पिवळ्या पेननं अर्धं पुस्तक रंगवलं, व्हिडिओ पाहून मान डोलावली. पेपरात मात्र ओळ सुचत नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ‘आलं आलं’ वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं.

म्हणून धडा संपला की पुस्तक मिटा, जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर आठवेल ते लिहा, मग उघडून राहिलेलं लाल पेननं भरा. दुसऱ्या दिवशी नुसतं लाल पाहा. याला ना नेट लागतं ना लाईन.

जागल करून आल्यावर पुस्तक धरणं

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, रोही (नीलगाई) येतात, आणि मोटारीची लाईन रात्रपाळीची असली की ओलितही रात्रीच. घरात माणूस नसेल तर पोराला जावंच लागतं. पण जागलीहून आल्यावर चहा मारून पहाटेच्या अभ्यासाला बसणं फुकट आहे. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्या दिवशी पहाट झोपेला द्या. परीक्षेच्या महिन्यात जागलीची पाळी चुलतभावाशी बदलता येते का, हे घरी जानेवारीतच विचारा. बारावीचा पेपर फेब्रुवारीत असतो.

घरचं कर्ज आपल्या डोक्यावर घेणं

कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, ताईचं लग्न हे सगळं पोरांना कळत असतं आणि कुणी त्यांच्याशी बोलत नाही. मग ‘मी नापास झालो तर घर बुडेल’ असा हिशेब ते एकटेच मांडतात. बाबांना सरळ विचारा: फीसाठी किती होईल, किती नाही. कमी पडत असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. आणि बोर्डात विषय राहिलाच तर त्याच वर्षी जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते.

झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नको वाटू लागलं, तर अभ्यास बाजूला ठेवा. घरच्या कुणाला तरी किंवा विश्वासातल्या सरांना, मॅडमना सांगा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बुडालेला आठवडा पुढे ढकलणं

एखादा आठवडा बुडणारच. अवकाळी आला, कापूस भिजू नये म्हणून सगळं घर वावरात. त्या आठवड्याचे सहा धडे पुढच्या आठवड्याच्या सहांवर लादले की तोही बुडतो. रविवारी यादी घ्या, पुढच्या धड्याला ज्याच्यावाचून अडतं तेवढा एकच ठेवा. बाकीचे तूर घरात आल्यावर.