पापलेट घेण्याआधी ते मोजावे

मासळी बाजारात जाताना पिशवीत शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी टाकावी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवले असून, त्यानुसार पापलेटाची लांबी १३५, बोंबलाची १८० आणि सुरमईची ३७० मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे पट्टीहून दीड सेंटिमीटर आखूड पापलेट ही अखेरची मर्यादा झाली. परंतु पापलेट अंडी घालण्याजोगे होते ते याहून बरेच वाढल्यावर. म्हणून कायद्यात बसते एवढ्यावर समाधान न मानता वीतभर भरेल तेच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. बोंबलाला पट्टी पुरत नाही, तिथे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर अंदाजाला पुरते.

लहान पापलेटे बहुधा वाट्याने मिळतात आणि वाटा स्वस्त पडतो, हा खरा मोह आहे. त्या वाट्यातले मासे एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेले असतात. मात्र विकणाऱ्या मावशींशी हुज्जत घालू नये, कारण काय सापडणार हे जाळ्याच्या आसावर, म्हणजे त्याच्या छिद्रांच्या आकारावर ठरते आणि जाळे त्यांच्या हाती नसते. वाटा न घेता "मोठी कधी येतील?" असे विचारून ठेवावे, गिऱ्हाईक लहान मासळी उचलत नाही हे बोटीपर्यंत पोहोचवणारा तोच मार्ग आहे.

मुशी (लहान शार्क) आणि पाकट (चपटा ‘रे’ मासा) शक्यतो टाळावेत, कारण त्यांची वाढ सावकाश होते आणि पिल्लेही मोजकीच होतात. त्यांच्याऐवजी बांगडा, तारली, मांदेली यांना ताटात अधिक जागा द्यावी, कारण हे मासे लवकर वाढतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात ताज्या पापलेटाचा हट्ट धरू नये. त्यासाठी एप्रिल-मे महिन्यांतच सुके बोंबील, सोडे आणि जवळा भरून ठेवावा. बोंबील वाकवल्यावर कट्कन मोडेल इतका वाळलेला पाहून घ्यावा, घरी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, नाहीतर पहिल्याच पावसात त्याला बुरशी धरते.