व्हेंच्युरी खत ओढत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

डाळिंबाच्या गेल्या हस्त बहारात मोहोळहून मेहुण्याचा सकाळीच फोन आला. व्हेंच्युरी म्हणजे ठिबकच्या पाण्यात बादलीतलं खत मिसळणारी, मधे अरुंद असलेली नळी. "दाजी, व्हेंच्युरी खत ओढायचं सोडून उलटं बादलीतच पाणी टाकतीय." जाऊन बघितलं तर बादली काठोकाठ भरलेली आणि ०:५२:३४ या स्फुरद-पालाशच्या विद्राव्य खताचं पाणी मातीत चाललेलं. आणि गडी पाच एचपीची मोटर काढून साडेसातची बसवायच्या तयारीत!

आपल्या सोलापूर भागात डाळिंबवाले हीच चूक जास्त करतात. मोटर वाढवली की व्हेंच्युरीच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही प्रेशर गेजचे काटे वर चढू शकतात. व्हेंच्युरीला मात्र त्या दोन काट्यांमधला फरक लागतो.

वाहत्या पाण्याची ऊर्जा तीन खात्यांत असते: प्रेशर, वेग आणि उंची. डॅनियल बर्नुलीनं १७३८ साली हा हिशेब मांडला. व्हेंच्युरीच्या गळ्यात नळी अरुंद होते, पाणी मात्र तेवढंच जायचं असतं. म्हणून वेग वाढतो, आणि तो प्रेशरच्या खात्यातून येतो. तोंडाशी दीड किलो (चौरस सेंटीमीटरला) प्रेशर असेल, तर गळ्यात पाणी सेकंदाला १७ मीटरच्या वर पळालं पाहिजे. तेव्हा कुठं तिथलं प्रेशर हवेच्या दाबाखाली उतरतं आणि बादलीवरची हवा खताचं पाणी आत ढकलते. आपण म्हणतो ओढते, पण काम हवा करते. पुढं नळी रुंद झाली की बरंचसं प्रेशर परत मिळतं. घासण्यात आणि भोवऱ्यात गेलेलं मात्र परत येत नाही. म्हणून आधी दीड किलो असेल, तर नंतर एक किलोच्या आसपास दिसायला हवं.

मेहुण्याकडं दोन्ही काटे जवळजवळ सारखे. पुढचा डिस्क फिल्टर उघडला, तर चकत्यांवर चुन्यासारखा पांढरा थर, नखानं खरवडावा लागला. आदल्या पाळीला त्यानं कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ एकाच बादलीत कालवलं होतं. ही दोन खतं एकत्र आली की कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. फिल्टर तुंबला, पाणी पुढं सरकेना, व्हेंच्युरीच्या पुढच्या बाजूला दाब साठला आणि फरक संपला. चकत्या धुऊन बसवल्या, तशी बादली उतरायला लागली. मोटर तीच.

फिल्टर स्वच्छ असेल तर बायपासचा, म्हणजे व्हेंच्युरीला वळसा घालणाऱ्या वाटेचा व्हॉल्व्ह बघा. तो पूर्ण उघडा असला की पाणी सोपी वाट धरतं, व्हेंच्युरीत शिरतच नाही. काट्यावर नजर ठेवून हळूहळू आवळा. एकाच प्लॉटचा कॉक उघडा असला तरी पुढचं प्रेशर वाढतं, दुसरा प्लॉटही सोडून बघा. व्हेंच्युरीवरचा बाण उलटा बसलेला मी दोनदा पाहिलाय. आणि बादलीतल्या नळीला चीर असेल तर खताऐवजी हवाच आत जाते. जोडावर साबणाचं पाणी लावा, चीर असेल तिथं फेस आत ओढला जातो.