घडीवरची पांढरी रेघ आणि ‘३०० जीएसएम’ची थाप: कार्ड बनवताना या चुका टाळा

दिवाळीला दहा-बारा दिवस उरले की माझ्या फोनवर एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येऊ लागतो. मरून नाहीतर गडद निळं कार्ड, वर सोनेरी कंदील, आणि घडीवर वरपासून खालपर्यंत पांढरी फाटकी रेघ. खाली प्रश्न ठरलेला: “ताई, कागद खराब निघाला का?”

कागद बहुतेक वेळा चांगला असतो. आपण त्याला उलटं दुमडलेलं असतं.

मी डोंबिवलीत घरीच शनिवार-रविवारी कार्डांचे वर्ग घेते. शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्या जणी पहिल्या दिवशी पिशवीभर सामान घेऊन येतात: पंचिंग मशीन, चोवीस रंगांची चमकी, वॉशी टेपचा डबा. स्टीलची पट्टी मात्र एकीकडेही नसते. असो.

घडी

यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू साधारण एकाच दिशेला झोपलेले असतात. त्याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर घातली तर कागद मुकाट दुमडतो. आडवी घातली तर तंतू मोडतात आणि वरचा रंग तडकतो. आतून पांढरा आणि वरून रंगवलेला कार्डपेपर असेल तर ती मोड लांबूनही दिसते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. भाच्याच्या मुंजीत आभाराची चाळीस कार्डं करायची जबाबदारी मी हौसेनं अंगावर घेतली होती. कागद ओळखीचाच होता, त्याच पाकिटातल्या कागदाची संक्रांतीला छोटी कार्डं केली होती आणि एकालाही भेग नव्हती. या वेळी आत फोटो लावायचा होता म्हणून मोठं कार्ड ठरवलं: अख्खा ए-फोर मधोमध दुमडायचा, की झालं ए-फाइव्ह. रात्री अकराला पहिलं कार्ड दुमडलं, कर्र आवाज आला. दुसरं, तेच. तिसरं दुमडलं ते जीव मुठीत धरून. तेही तडकलं.

कागद तोच, हात तोच, मग झालं काय? संक्रांतीला मी ए-फोरचे आडवे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा दुमडला होता. तेव्हा घडी मूळ पानाच्या लांब बाजूला समांतर आली होती. मुंजीच्या कार्डात अख्खं पान दुमडल्यामुळे ती आखूड बाजूला समांतर आली. ग्रेन लांब बाजूनं होती. म्हणजे त्या कागदाची छोटी कार्डं छान होणार आणि मोठी तडकणार, हे मी पाकीट फोडलं तेव्हाच ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाळीस कार्डांच्या पाठीला जरीची लेस चिकटवली. एका कार्डाला २१ सेंटीमीटर, एकूण जवळजवळ साडेआठ मीटर. कार्यालयात सगळ्यांनी त्या लेसचंच कौतुक केलं. वहिनी अजून विचारते, “ती कल्पना कशी सुचली गं तुला?”

आता नवीन पाकीट आलं की आधी एक पान हातात धरून दोन्ही बाजूंनी नुसतं वाकवायचं, घडी घालायची नाही. ज्या बाजूनं कुरकुर न करता वाकतं, त्या बाकाला समांतर ग्रेन. हाताला कळत नसेल तर एका कोपऱ्यातून दोन इंची चौकोन कापा. कापायच्या आधी त्यावर पानाच्या लांब बाजूची खूण करा, नाहीतर नंतर काही उमजत नाही. मग एका बाजूनं ओलं बोट फिरवा. तुकडा नळीसारखा वळू लागतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ग्रेन त्या दिशेला.

दुमडण्याआधी रेघ दाबून घ्यायचीच. त्यासाठी महागडा स्कोअरिंग बोर्ड, म्हणजे रेघा दाबायची खाचांची पाटी, लागत नाही. माझ्याकडे रिफिल संपलेलं बॉलपेन आहे, स्टीलची पट्टी आहे आणि खाली घालायला जुनं मासिक आहे. काचेवर किंवा ओट्यावर करू नका, रेघ खोल बसत नाही. पेन खरंच संपलंय का, ते आधी रद्दीवर ओढून बघा. मी एकदा बघितलं नव्हतं.

अजून एक गोष्ट निम्मे लोक उलटी करतात. रेघ दाबली की मागच्या बाजूला उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. मनाला पटत नाही, उलटंच बरोबर वाटतं, पण एकदा दोन्ही करून शेजारी ठेवा.

हातकागदाला ग्रेनची ही कटकट जवळजवळ नसते, कारण तो चौकटीत हातानं उचलतात आणि तंतू कसेही पसरतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद हातात घेऊन बघा. मात्र त्यावर शाईचं पेन चालवण्याआधी कोपऱ्यात एक टिंब देऊन बघा, काही कागदांवर शाई फुटते.

ऑनलाइन पाकिटावरचा आकडा

दुसरा माझा राग जीएसएमवर आहे. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८०, कार्डाचा पाया म्हणून मी २५०च्या खाली जात नाही. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘३०० जीएसएम प्रीमियम’ म्हणून शंभर पानं मागवली. भाव चांगला होता, तारे साडेचार होते. आलेला कागद हाताला बारीक वाटला, पण मी मनाची समजूत घातली. कार्ड बनवलं, पुढे फोम टेपवर (जाड, स्पंजासारखी चिकटपट्टी) एक पट्टी चढवली, टेबलावर उभं केलं. कार्डानं हळूच मान टाकली.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कोणी फसवू शकत नाही: ए-झीरो पान बरोबर एक चौरस मीटरचं, आणि त्याची सोळा ए-फोर पानं होतात. म्हणजे ३०० जीएसएमचं एक ए-फोर १८.७५ ग्रॅमचं हवं. एका पानाला काटा नीट दाद देत नाही, म्हणून दहा पानं ठेवायची. यायला हवे होते १८७ ग्रॅम. आले ११३. सोळानं गुणा, दहानं भागा: १८० जीएसएम.

विक्रेत्याला काट्यासकट फोटो पाठवला. उत्तर आलं, “मॅडम, कागद थिक आहे.” दुसरा फोटो पाठवला, तिसरा पाठवला, शेवटी पैसे परत मिळाले. पावसाळ्यात कागद ओल धरतो, पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे मी सोडून देते. सत्तर नाही सोडत.

तेव्हापासून कुठल्याही नव्या विक्रेत्याकडून आधी दहा-वीस पानांचं छोटं पाकीट मागवते, काट्यावर ठेवते, एक पान दुमडते, एकावर पेन चालवते. मगच मोठी ऑर्डर. मुली म्हणतात, ताई, दोनदा डिलिव्हरी चार्ज पडतो. पडू दे की! शंभर पानं माळ्यावर टाकण्यापेक्षा स्वस्त.

मापांचा गोंधळ हा त्याच घरातला. फोटोत मोती बोराएवढा दिसतो आणि घरी येते ती मोहरी. वर्णनात माप लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. माझं स्वयंपाकघरातलं कोष्टक सांगते: २ मिलिमीटर म्हणजे मोहरी, ४ म्हणजे ज्वारी, ८ म्हणजे वाटाणा. कार्डावर वाटाण्याच्या वर जाऊ नका. लाकडी कटआउट, फुलं, बटणं मागवताना पट्टीवर ते माप बोटानं धरून बघा आणि मगच ‘बाय’ दाबा.

रंगाचं म्हणाल तर स्क्रीनवरचा मरून घरी येईपर्यंत चॉकलेटी होऊ शकतो. पंचवीस कार्डं एका रंगाची हवी असतील तर सगळा कागद एकाच ऑर्डरमध्ये घ्या. नंतर मागवलेला ‘तोच’ कागद थोडा वेगळा निघतो आणि कार्डं शेजारी ठेवली की डोळ्यात खुपतो. अभिप्राय वाचायचे तर एक आणि दोन ताऱ्यांचे, तेही फोटो असलेले. पाच ताऱ्यांच्या ‘नाइस प्रॉडक्ट’ला काही अर्थ नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि अगदी पहिल्यांदाच करत असाल तर ऑनलाइन जाऊच नका. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची अब्दुल रहमान स्ट्रीट आहे, पुण्यात बोहरी आळी आहे. हात लावून घ्या, हाताला भाषा कळू लागली की मग मोबाइल उघडा.

बाकीच्या, पटापट

फेविकॉल थापू नका. त्यात पाणी असतं, कागद ते पितो आणि सकाळी कार्ड पापडासारखं वाकलेलं सापडतं. कागदावर कागद चिकटवायला डबल साइड टेप. फेविकॉल फक्त मोती-बटणांपुरता, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. चिकटवलेलं कार्ड रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवायचं. हे ‘रात्रभर’ ऐकलं की नवशिक्यांचा चेहरा पडतो. दहा मिनिटांत कार्ड बनवून दाखवणाऱ्या व्हिडिओत ती रात्र कापलेली असते.

एम्बॉसिंग पावडर, म्हणजे शिक्क्याच्या ओल्या शाईवर टाकून वितळवली की नक्षी उठून दिसते ती, हेअर ड्रायरनं वितळत नाही, उडते. हीट गन लागते, आणि पावडरजवळ नेण्याआधी ती दहा सेकंद बाजूला तापवून घ्यायची. पावसाळ्यात पावडर नको तिथेही चिकटते, कारण कागद दमट असतो. शिक्का मारण्याआधी कापडात बांधलेली टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावर थोपटा.

सुटी चमकी घरात आणू नका. आमच्याकडे एकदा भाकरीत निघाली.

गुळगुळीत कागदावर जेल पेन वाळायला वेळ घेतं. किती? तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट.

कागद गुंडाळी करून ठेवू नका. आडवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत औषधाच्या नाहीतर बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

अक्षर

यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑनलाइन मिळणारे ठसे आणि स्टिकर बहुतेक इंग्रजी. मराठी मिळालेच तर नीट वाचून घ्या, मी ‘वाढदीवस’ पाहिलाय, ‘शुभेच्या’ही पाहिल्यात, आणि पाय मोडलेला च सुटा ठेवून शेजारी छ बसवलेलाही. सोनेरी फॉइलमधली चूक जास्त चमकते, एवढंच.

हातानं लिहीत असाल तर पेन्सिलीची रेघ अक्षरांच्या खाली मारू नका. ती इंग्रजीची सवय. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, रेघ वर हवी. वेलांटी, रफार, मात्रा रेघेच्या वर जातात, त्यांच्यासाठी अर्धा इंच मोकळा सोडा. आणि आधी रद्दीवर त्याच मापात लिहून बघा, नाहीतर ‘हार्दिक’ ऐसपैस आणि ‘शुभेच्छा’ कडेला लोकलच्या दारात लटकल्यासारखी.

पाकीट आणि पोस्ट

कार्ड करून झाल्यावर पाकीट शोधायला निघू नका. आधी पाकीट घ्या, मग त्याच्या मापाचं कार्ड करा. लांबी-रुंदीत प्रत्येकी चार-पाच मिलिमीटर कमी, फोम टेपचे थर असतील तर आणखी थोडं कमी. पाच बाय सातचं कार्ड पाच बाय सातच्या पाकिटात जात नाही, हे लिहितानाही मला विचित्र वाटतंय, पण दरवर्षी सांगावं लागतं.

पोस्टानं पाठवणार असाल तर पुन्हा वजनकाटा. साध्या पत्राचा पाच रुपयांचा दर पहिल्या २० ग्रॅमपर्यंत. ३०० जीएसएमचं अख्खं ए-फोर दुमडलं तर नुसतं कार्डच पावणेएकोणीस ग्रॅम, पाकीट घातलं की हद्द ओलांडली. तिकीट कमी लावलं की पत्र नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे ज्याला पाठवलं त्याच्याकडून घेतात. शुभेच्छा द्यायला गेलो आणि बिल पाठवलं.

रत्नागिरीच्या मावशीला मी पंचाहत्तरीला कार्ड पाठवलं होतं. मधोमध कमळ, पाकळ्यांवर ८ मिलिमीटरचे पाच मोती, बरोबर वाटाण्याएवढे. तिकीट वजन करून लावलेलं, पाकीट साधं कागदी. चार दिवसांनी फोन आला. “कार्ड सुरेख आहे हो. पण पाकिटाला भोकं कशाला पाडलीस? हवा जायला?”

मोती पाकीट फोडून बाहेर आले होते. दोन वाटेत गेले, तीन आत घरंगळत होते. मावशीनं ते तीन कुंकवाच्या डबीत ठेवलेत. मी आता मोत्यांचं कार्ड कोणाच्या तरी हाती देते, आणि पोस्टानं जाणाऱ्यावर कमळ नुसतं पेनानं काढते.