पद्मिनीचा सडलेला फ्लोअर घरीच बनवायचा असेल तर

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि टॅक्सी होत्या तोवर पार्टला जे गिऱ्हाईक होतं तेही गेलं. त्यामुळे आता घरच्या पद्मिनीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला तर तयार पॅनल मिळेलच असं नाही, आणि स्क्रॅपमधल्या गाडीचा कापून आणावा तर तोही बहुतेक तिथंच सडलेला असतो. म्हणून तुकडा स्वतः बनवायचा. जमतं हो, खरंच जमतं, फक्त सगळा जीव वेल्डिंगमध्ये नाही तर मापात घालायचा, कारण तुकडा नीट बसला की वेल्डिंग सोपं होतं आणि नाही बसला तर कितीही भारी वेल्डर आणा, भोकंच पडणार.

आधी बॅटरी काढा, सीट, कार्पेट आणि खालचं डांबरी शीट खरवडून काढा, ते पेटतं. खाली वाकून ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप कुठून गेलाय ते बघा आणि जवळून जात असेल तर सोडवूनच ठेवा. मग स्क्रूड्रायव्हरने टोचत टोचत जा, जिथं पत्रा टणक लागतो तिथून अजून इंचभर बाहेर खूण करा. दाराखालचा सिल पण टोचून बघा, तो सडला असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टॅक करून, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारून घ्या आणि मगच कापा, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते आणि सिल कापला की चौकट हलते, मग दार लागत नाही. चासी नंबर ठोकलेल्या भागाला मात्र हात लावू नका, पासिंगच्या वेळी नसता ताप होईल.

आता पुठ्ठा. बुटाच्या खोक्याचा असला तरी चालतो. भोकावर ठेवून, वळणाशी दुमडून, कात्रीने थोडं थोडं कापत बसवा, आणि पुढची बाजू कुठली, वरची बाजू कुठली ते पेनाने लिहून ठेवा, नाहीतर उलटा तुकडा कापला जातो. कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो.

पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, बिनजस्ताचा घ्या, १ मिमी म्हणजे साधारण २० गेज, पण जुन्या चांगल्या पत्र्यावर कॅलिपर लावून जाडी जुळवून बघा. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. नव्या पत्र्यावर तेल असतं ते थिनरने पुसून पूर्ण सुकू द्या, क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरून वर वेल्डिंग अजिबात नको, त्यातून विषारी वायू होतो.

बेंड काढताना लोक हमखास चुकतात ते इथं. बाहेरून मोजून ५० मिमी आणि ३० मिमी अशा दोन बाजूंचा काटकोन हवा असेल तर पत्रा ८० चा नाही, ७८ चा कापायचा, १ मिमी पत्र्याला एका काटकोनी बेंडमागे साधारण २ मिमी वजा. बेंडची रेघ मार्करने मारा, स्क्राइबरने ओरखडा काढला तर तिथंच तुटायची भीती. व्हाइसमध्ये दोन अँगलच्या मधे पत्रा पकडा आणि लाकडी मोगरीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं करत वाकवा, एकाच जागी जोरात मारलं तर तिथं पोक येतो.

फ्लोअरला ज्या उठावाच्या पट्ट्या असतात त्या दिसायला नाहीत, पत्रा थरथरू नये म्हणून असतात, त्या सोडू नका. सागाच्या जाड फळीत खाच पाडा, वर पत्रा क्लॅम्प करा आणि १० मिमीचा गोल बार ठेवून हळूहळू ठोकत खाचेत बसवा, तीन-चार फेऱ्यांत खोली येऊ द्या. पट्टी उठताना पत्रा बाजूने आत ओढला जातो, म्हणून आधी पट्ट्या, मग फायनल कटिंग. हा क्रम फिरवू नका.

गाडीतला पत्रा तुकडा तयार झाल्यावरच कापा, तुकडा वर ठेवून कडेने रेघ मारून. मधे ०.८ मिमीची फट राहू दे, सीओटू वेल्डिंगच्या मशीनमधून येणारी वायर तेवढीच असते. आर्कचा रॉड इथं नको, १ मिमी पत्रा जाळतो. समोरासमोर टॅक मारत जा, एक या कोपऱ्यात तर पुढचा त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, साधारण इंचाइंचावर, आणि हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय मधे भरू नका. सलग रेघ ओढली की पत्रा पापडासारखा फुगतो, आणि मग तो सरळ करण्यात वेळ जातो तेवढ्यात दुसरा तुकडा झाला असता. शेजारी पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हवाच, काम संपल्यावरही अर्धा तास तिथंच थांबा.

फ्लॅप डिस्कने हलकं घासा, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीम सीलर, खालून अंडरबॉडी कोट, आणि सिलच्या पोकळीत रंगकाम झाल्यावर मेण मारा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राच्या हवेत गाडी राहणार असेल तर मेण टाळूच नका.

एक मात्र ठामपणे सांगतो, स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचा कुठलाही पार्ट असा घरी बनवू नका, तिथं जीवाचा प्रश्न आहे.

आणि कार्पेट लगेच टाकू नका. काचेवर पाइपने दहा मिनिटं पाणी मारा आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा, पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत असेल तर आधी ते रबर बदला.