शनिवार-रविवारची आइस क्लायंबिंग मोहीम: आधी दहा दिवसांची थंडी मोजा, मग गाडी काढा

"थंडी मस्त पडलीय, शनिवारी निघू." एवढ्या बोलण्यावर ठरलेल्या आइस क्लायंबिंगच्या, म्हणजे गोठलेल्या धबधब्यांवर चढायच्या, मोहिमा मी पुष्कळ केल्या. अनेकदा रात्रभर गाडी चालवून धबधब्याखाली पोचलो, वर पाहिलं, आणि दोर पिशवीतून न काढताच परत फिरलो. म्हणून "हवामान बघून जा" असा सल्ला कुणी देऊ लागलं की मला राहवत नाही. कुठलं हवामान? कुठल्या उंचीवरचं? कधीचं?

क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे खिळे), ॲक्स (बर्फात रोवायची हातकुदळ), स्क्रू (दोर अडकवायला बर्फात पिळून बसवायची पोकळ नळी), दोर यांची तयारी आणि लीड करू शकणारा, म्हणजे दोर घेऊन सर्वांत आधी वर चढणारा, सोबती मी इथे गृहीत धरतो. कोणती जागा, कोणता शनिवार आणि किती लांब, एवढंच ठरवायचं आहे.

किलोमीटर सोडा, तास मोजा

नकाशाचं ॲप जो वेळ दाखवतं तो मोकळ्या रस्त्याचा असतो. हिवाळ्यातल्या डोंगरी रस्त्यासाठी मी त्यात एक तृतीयांश वेळ वाढवतो आणि गाडी लावल्यापासून पायथ्यापर्यंतची चालही धरतो. असं मोजून एका दिशेला तीन तासांपर्यंत होत असेल तर जागा एका दिवसाची. पाच तासांपर्यंत होत असेल तर दोन दिवसांची, तीही शुक्रवारी रात्री जवळ जाऊन झोपणार असाल तरच. त्यापुढच्या जागा लांब सुट्टीसाठी ठेवा.

एक नव्हे, तीन जागा निवडा

तिन्हींची उंची वेगळी हवी, तोंडं वेगवेगळ्या दिशांना हवीत, आणि जमलं तर दोन एकाच रस्त्यावर हव्यात. कोलोरॅडोतल्या ओरे इथे घळीच्या काठावरून पाईपने पाणी सोडून मुद्दाम बर्फ तयार करतात. तसा पार्क तुमच्या टप्प्यात असेल तर तिसरी जागा तीच ठेवा.

हवामान वाचणं: इथेच मोहीम ठरते

सुरुवातीची काही वर्षं मी फक्त शनिवारचा अंदाज बघायचो. ती मोठी चूक होती. शनिवारच्या अंदाजावरून अंगात काय घालायचं एवढं कळतं. चढायचा बर्फ त्याआधीच्या दहा दिवसांत तयार झालेला असतो किंवा झालेलाच नसतो.

त्यासाठी मी एक साधा हिशेब ठेवतो. दिवसाचं सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, तितके अंश जमा. उणे ६ सरासरीचे सात दिवस म्हणजे ४२ जमा. सरासरी शून्याच्या वर गेली की वजा, आणि वजाबाकी मी दुप्पट करतो, कारण गोठायला आठवडा लागलेला पातळ पडदा एका उबदार दुपारी सुटून येताना मी पाहिला आहे. मध्ये पाऊस पडला असेल तर पाटी कोरी करून नव्याने मोजतो. किती जमा झालं की बर्फ चढण्याजोगा होतो, याचा सगळीकडे लागू पडणारा आकडा नाही. पाण्याचा प्रवाह, खडकाचा उतार आणि सावली यांवर तो बदलतो. म्हणून प्रत्येक धबधब्यापुढे तारीख, जमा अंश आणि बर्फाची अवस्था लिहून ठेवा. दोन हंगामांत त्या जागेचा आकडा तुमच्या हाती येतो. जोराचा हिमवर्षाव झाला असेल तर हिशेबावर फार विसंबू नका. ताजं हिम बर्फावर गोधडीसारखं पसरतं आणि खालचं गोठणं मंदावतं.

आता उंची. अंदाज बहुधा खोऱ्यातल्या गावाचा असतो आणि धबधबा त्याच्या वर. साधारणपणे दर १००० मीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे गावात शून्य असेल तर ८०० मीटर वर उणे ५ धरायला हरकत नाही. पण वारा नसलेल्या, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात साचते आणि वरचा उतार उबदार राहतो. अशा आठवड्यात गावात उणे १० आणि धबधब्यापाशी उणे २ असंही होतं. वरच्या उंचीवरच्या केंद्राची नोंद मिळत असेल तर तीच बघा. तशी नोंद नसेल आणि आठवडाभर आकाश निरभ्र, वारा शांत असेल, तर मी खालच्या, सावलीतल्या जागेकडे वळतो.

आणि ऊन. याचा धडा मी जिवावर बेतल्यावर शिकलो. हंगाम संपत आला होता. अंदाज रात्री उणे ११ आणि दुपारी उणे ३ असा होता. आम्ही पाच तास गाडी चालवून आग्नेयेकडे तोंड असलेल्या धबधब्याखाली पोचलो. नऊ वाजता बर्फामागून पाण्याचा आवाज येत होता. मी सोबत्याला म्हटलं, "थंडी आहे, टिकेल." बिले कुठून द्यायचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर कुठे उभं राहून सांभाळायचा, हे बघायला आम्ही बाजूला गेलो, आणि सव्वादहाला वरचा पडदा सुटून आमच्या पिशव्यांवर कोसळला. एक घनमीटर बर्फाचं वजन सुमारे ९१७ किलो असतं. आमचं हेल्मेट तिथे काही कामाचं नव्हतं.

अंदाजातला आकडा सावलीतल्या हवेचा असतो. ऊन मात्र पारदर्शक बर्फातून आरपार जाऊन मागचा काळा खडक तापवतं, आणि बर्फ खडकापासून मागच्या बाजूने सुटतो. समोरून तो निळा, घट्ट, सुंदर दिसत राहतो. त्या दिवसापासून माझा नियम पक्का आहे: सूर्याकडे तोंड असलेला धबधबा हंगामाच्या उत्तरार्धात, निरभ्र दिवशी, यादीतूनच बाद. हवा कितीही थंड असो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेले धबधबे घ्या, किंवा खोल घळी. नॉर्वेतलं र्‍युकान आइस क्लायंबिंगसाठी प्रसिद्ध आहे. ते इतक्या अरुंद खोऱ्यात आहे की हिवाळ्याचे कित्येक महिने तळाशी ऊन पोचत नाही. गावातल्या चौकात ऊन यावं म्हणून २०१३ मध्ये डोंगरावर आरसे बसवावे लागले. बर्फाला अशीच जागा मानवते.

थंडी जितकी जास्त तितकं चांगलं, हा दुसरा चुकीचा समज. उणे २ ते उणे ८ या पट्ट्यात बर्फ मऊसर असतो आणि ॲक्स एका घावात बसते. उणे १५ च्या खाली तोच बर्फ काचेसारखा वागतो आणि प्रत्येक घावाला ताटलीएवढ्या खपल्या उडतात. त्याहून वाईट म्हणजे तापमान एका रात्रीत कोसळणं. बर्फ थंडीने आकसतो: २० मीटरचा खांब १५ अंशांनी थंड झाला तर तो सुमारे दीड सेंटीमीटर आखूड व्हायला बघतो. वर खडकाला आणि खाली जमिनीला धरलेला असल्यामुळे त्याला आखूड होता येत नाही, आणि तो ताण तसाच आत राहतो. असा खांब पहिल्या घावाला आडवा तडकलेला मी ऐकला आहे, तोफेसारखा. म्हणून थंडीची लाट आल्यावर पहिले दोन दिवस सुट्या खांबांना आणि लोंबत्या सुळ्यांना हात लावू नका. खडकाला पाठ टेकून पसरलेला जाड बर्फ चालतो.

शेवटी हिमस्खलन. धबधबा म्हणजे डोंगराची पाणी उतरायची वाट, आणि हिमही त्याच वाटेने उतरतं. खाली उभं राहून वरचा उतार दिसत नाही, म्हणून तो घरी नकाशावरच बघायचा. ३० ते ४५ अंशांचा मोकळा उतार धबधब्याच्या डोक्यावर असेल, तर मागच्या दोन दिवसांत किती हिम पडलं आणि वारा कुठल्या बाजूने होता हे बघा. वारा एका बाजूचं हिम उचलून दुसऱ्या बाजूला गादीसारखं रचतो, त्यामुळे अजिबात हिम न पडलेल्या दिवशीही तो उतार भरलेला असू शकतो. बऱ्याच डोंगराळ प्रदेशांत धोक्याचं १ ते ५ पातळ्यांचं पत्रक निघतं. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून लोक त्याला "ठीक आहे" समजतात. ते घातक आहे, कारण दर पायरीला धोका कितीतरी पटीने वाढतो. पातळी ३ असताना वर उतार असलेल्या घळीत मी जात नाही. याबाबतीत सोबत्याचं मन राखत बसू नका.

गुरुवारी संध्याकाळी ठरवा

सोमवारी ठरवलं तर अंदाज कच्चा असतो, शुक्रवारी रात्री ठरवलं तर मन आधीच निघालेलं असतं. गुरुवारी तिन्ही जागांचे जमा अंश, ऊन आणि हिमस्खलनाची पातळी समोर ठेवून एक निवडा, दुसरी राखीव ठेवा. पत्रक शनिवारी सकाळी पुन्हा वाचा. तिन्ही जागा नापास झाल्या तर घरी राहा.

वेळापत्रक उलटं लिहा

परतीपासून सुरुवात करा. रविवारी घरी कधी पोचायचं, त्याआधी गाडी कधी सुटायची, त्याआधी खाली कधी उतरायचं, त्याआधी चढाई कुठल्या वेळी थांबवायची. उजेड थोडाच मिळतो: ४५ अंश अक्षांशावर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सुमारे पावणेनऊ तास, ६० अंशांवर सहाहूनही कमी. ठरलेली वेळ झाली की उरलेला टप्पा तसाच सोडून रॅपल करायचं, म्हणजे दोरावरून खाली उतरायचं.

लोक चढाईची काळजी करतात आणि परतीच्या ड्रायव्हिंगची करत नाहीत. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं आहे. आता हिशेब करा: पहाटे तीनला उठलात, दिवसभर चढलात, संध्याकाळी सहाला गाडी सुरू केली. तेव्हाच १५ तास झाले. पाच तासांचा रस्ता असेल तर शेवटचे तीन तास तुम्ही त्या अवस्थेत आहात, आणि तेही रस्त्यावर पारदर्शक बर्फ धरण्याच्या वेळी. तो सर्वांत आधी पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर धरतो, आणि तापमान शून्याच्या आसपास असताना सर्वांत निसरडा असतो. एका परतीत माझे डोळे मिटले आणि चाकं कडेच्या खडीवर गेल्याच्या आवाजाने मी जागा झालो. शेजारी माझा सोबती झोपला होता. तेव्हापासून दोन चालक असल्याशिवाय मी पाच तासांची जागा घेत नाही, शेजारी बसलेल्याने जागं राहायचं असतं, आणि रविवारी दुपारी दोननंतर नवा मार्ग सुरू करत नाही.

इंधन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची, हे घरी लिहून द्या.

पायथ्याशी दहा मिनिटं

दोर सोडण्याआधी बाजूला, पडझडीच्या वाटेबाहेर उभे राहून ऐका. बर्फामागून वाहत्या पाण्याचा जोराचा आवाज, पायथ्याशी ताजे पडलेले ढेकळे, वरून टपटपणारं पाणी, यांतलं एकही दिसलं तर राखीव जागेकडे चला. मग एक स्क्रू खाली हाताच्या उंचीवर लावून बघा. शेवटपर्यंत एकसारखा जोर लागला आणि भोकातून बर्फ सलग बाहेर आला तर पुढे जा. मध्येच स्क्रू सैल फिरला तर आत पोकळी आहे.

परतल्यावर त्याच रात्री वहीत नोंद करा: तारीख, जमा अंश, ऊन किती वाजता आलं, स्क्रू कसा बसला, गाडीला खरे तास किती लागले.